एका स्मरणग्रंथाच्या तीन वह्या

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. मला जर्मन भाषा येत नाही. इंग्रजी आहे ते मॅट्रिकपुरते. कॉलेजची पायरी चढण्याचा योग आला नाही. शाळेत मुलांना चित्रकला शिकवावी आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्याप. अशा मास्तराने जर्मन पुस्तकाच्या मराठी भाषांतराविषयी लिहायचे म्हणजे आगाऊपणाच. पण हे भाषांतर अजून छापलेले नाही. त्याची एकमेव प्रत तीन जाड वह्यांत आहे, आणि त्या वह्या माझ्याखेरीज फार तर दोघातिघांनी पाहिल्या असतील. विद्वान मंडळींनी लेखणी उचलीपर्यंत थांबावे म्हटले, तर भाषांतरकाराचे वय तेवढी सवड देईलसे दिसत नाही.

भाषांतरकार भिंगारला राहतात. आपले नाव छापू नये असे त्यांनी बजावले आहे, म्हणून येथे त्यांना नुसते काका म्हणतो. एरवीही मी काकाच म्हणतो. नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. यंत्रे जर्मन, त्यांच्याबरोबर येणारी माहितीपुस्तकेही जर्मन. ती वाचता यावीत म्हणून हे गृहस्थ ऐन चाळिशीत एस.टी.ने पुण्याला खेपा घालून जर्मन शिकले. निवृत्तीनंतर यंत्रे सुटली, भाषा सुटली नाही. त्यांचे वडील सांगत, की दुसऱ्या महायुद्धात आपल्या नगरच्या छावणीत जर्मन लोक कोंडून ठेवले होते. त्या काळी हिंदुस्थानात राहिलेल्या एखाद्या जर्मन माणसाने काही लिहून ठेवले आहे काय, असे त्यांनी जर्मनीत नोकरीस असलेल्या पुतण्याला विचारले. पुतण्याने जुन्या बाजारातून एक पुस्तक धाडले. विली हास याचे ‘दी लिटरारिशे वेल्ट’. खाली लहान अक्षरात ‘आठवणी’ अशा अर्थाचा शब्द, आणि साल १९५७.

हा विली हास कोण, असे वाचक विचारतील. मीही विचारले होते.

हास १८९१ साली प्राग शहरात जन्मला. जातीने ज्यू, भाषेने जर्मन. फ्रान्झ व्हेर्फेल हा कवी त्याचा शाळूसोबती. फ्रान्झ काफ्का त्याच गावचा, याच्याहून आठ वर्षांनी वडील. विशी ओलांडता ओलांडता हासने एक लहानसे मासिक चालवले, आणि त्यात काफ्काचेही लिखाण आले. काफ्काला तेव्हा गावाबाहेर कोणी ओळखत नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर हास बर्लिनला गेला. तेथे चित्रपटांवर लिहू लागला, चित्रपटांच्या कथाही लिहू लागला. १९२५ साली पाब्स्टने काढलेला ‘दी फ्रॉइडलोझे गासं’ हा बोलपट नव्हे, मूकपट. त्यात ग्रेटा गार्बो होती आणि पटकथा हासची होती. त्याच वर्षी त्याने ‘दी लिटरारिशे वेल्ट’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. वॉल्टर बेंजामिनसारखा टीकाकार त्यात लिहीत असे. १९३३ साली हिटलर आला. हास प्रागला परतला. १९३९ च्या मार्चमध्ये हिटलर प्रागलाही आला. मग हासने थेट मुंबई गाठली.

मुंबईत त्याचा मित्र वॉल्टर कॉफमान अगोदरच येऊन राहिला होता. आकाशवाणीची ती सकाळची धून ज्याच्या नावावर सांगितली जाते, तोच हा संगीतकार. हास मोहन भवनानींच्या चित्रसंस्थेसाठी लिहू लागला. भवनानी म्हणजे ज्यांच्यासाठी १९३४ साली मुन्शी प्रेमचंदांनी ‘मिल मजदूर’ लिहिला ते. गार्बोसाठी लिहिणारा माणूस आणि प्रेमचंद एकाच दिग्दर्शकाच्या दारी! आपल्या चित्रपटसृष्टीच्या इतिहासात असल्या गोष्टी किती धूळ खात पडल्या आहेत कोण जाणे. १९४२ साली हासने मुंबईतच एक इंग्रजी संकलनही काढले, जर्मनीबाहेर राहिलेल्या जर्मनांच्या लिखाणाचे. १९४७ साली त्याने हा देश सोडला. पुढे हॅम्बुर्गला ‘दी वेल्ट’ या वृत्तपत्रात ‘कॅलिबान’ या टोपणनावाने तो लिहीत राहिला आणि १९७३ साली वारला.

आता नगरची गोष्ट. (नगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, २०२४ पासूनचे अहिल्यानगर, माझ्या पिढीच्या तोंडी नुसते नगरच बसले आहे.) आमच्या किल्ल्याचे नाव काढले की १९४२ ते ४५ चे राजबंदी आठवतात. नेहरूंनी १९४४ साली तेथे लिहिलेला ग्रंथ आठवतो. पण त्याच्या तीन वर्षे आधी, सप्टेंबर १९३९ मध्ये, इंग्रज सरकारने देशभरचे जर्मन पुरुष शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून धरले आणि त्यांतले पुष्कळ नगरच्या छावणीत आणून ठेवले. त्यांत हिटलरचा जयजयकार करणारे होते, आणि हिटलरच्या भयाने पळून आलेले ज्यू निर्वासितही होते. दोघांच्या पासपोर्टावर जर्मनीच, म्हणून दोघे एकाच तारेच्या कुंपणाआड! पुढे चौकशी होऊन बऱ्याच निर्वासितांची सुटका झाली. मुंबईच्या बॉम्बे टॉकीजचे छायाचित्रकार विर्शिंग हेही पकडलेल्यांत होते.

याच छावणीतून गेलेल्या एका गृहस्थाचे पुस्तक जगभर खपले. हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक नगरहून देवळालीला, तेथून डेहराडूनला गेला, १९४४ साली पळाला आणि तिबेटात पोचला. त्याची ‘सात वर्षे’ कोणाला ठाऊक नाहीत? हिटलरच्या एस.एस. दलाचा तो सभासद होता, ही गोष्ट मात्र १९९७ पर्यंत लोकांना ठाऊक नव्हती. आणि जर्मन माणसाच्या आत्मकथनांपैकी मराठीत सर्वांत सहज मिळणारे पुस्तक कोणते म्हणाल, तर ते खुद्द हिटलरचे. एस.टी. स्टँडाबाहेरच्या ढिगात मी ते किती वेळा पाहिले आहे. ज्याने घरे पेटवली त्याचे आत्मवृत्त आपण आवडीने वाचतो. ज्याचे घर पेटले आणि जो आपल्या मुंबईत येऊन राहिला, त्याच्या आठवणींचे मराठीत नावही नाही. काकांच्या तीन वह्यांचे मोल मला वाटते ते या कारणाने. पण कारण चांगले म्हणून भाषांतर चांगले, असे होत नाही. तेव्हा वह्यांकडेच वळू.

पहिली अडचण पुस्तकाच्या नावाची. ‘दी लिटरारिशे वेल्ट’ म्हणजे साहित्याचे जग, आणि हासच्या साप्ताहिकाचे नावही तेच. काकांनी पहिल्या वहीवर सुवाच्य अक्षरात ‘सारस्वत-विश्व’ असे लिहिले आहे. हे वाचून कोणालाही वाटेल की ही एखाद्या ज्ञातीची स्मरणिका असावी! ‘केसरी’चे नाव जर्मनीत कोणी ‘सिंह’ असे भाषांतरून छापले तर कसे वाटेल? साप्ताहिकाचे नाव आहे तसे राहू द्यावे आणि खाली ‘आठवणी’ लिहावे, असे माझे मत. त्यात श्लेष जातो हे खरे. काका म्हणाले, “मास्तर, मग वाचकाला कळायचे काय?” मी म्हटले, “पहिल्या प्रकरणात कळेल.” हा वाद मिटलेला नाही.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी. प्रागमध्ये कॅफे आर्को नावाचे कॉफीगृह होते. व्हेर्फेल, हास आणि त्यांचे मित्र तेथे जमत. काकांनी त्याचे ‘अमृततुल्य’ केले आहे. अमृततुल्यात माणूस उभ्याउभ्या चहा घेतो आणि चालू लागतो. प्रागच्या कॉफीगृहात एका पेल्यावर दुपारची संध्याकाळ होई, वर्तमानपत्रे फुकट वाचायला मिळत, कविता मोठ्याने वाचल्या जात. तेथे अमृततुल्य म्हटल्यावर ती सगळी बैठकच उठून जाते.

असल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त होतात. माझे खरे भांडण निराळे आहे.

जर्मनमधून मराठीत सरळ येण्यात काही सोयी आहेत, हे मला काकांच्या ओट्यावर बसून प्रथम कळले. इंग्रजीत ‘यू’ एकच; जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ असे दोन, म्हणजे आपले तू आणि आपण. काफ्काने मिलेनाला लिहिलेल्या पत्रांत एका टप्प्यावर ‘झी’ जाऊन ‘डू’ येते, आणि इंग्रजीत तो क्षण दिसतच नाही. मराठीत तो कोणत्याही शाळकरी मुलीला कळेल. तीन लिंगे त्यांनाही आहेत, आपल्यालाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी ठेवण्याची त्यांची रीत इंग्रजांना उलटी वाटते, आपल्याला घरची वाटते. लांबलचक समास करण्याची खोड तर दोघांचीही.

पण एका ठिकाणी मराठी जर्मनपेक्षाही जास्त विचारते. ‘तो आला’ की ‘ते आले’? जर्मनमध्ये मागे गेलेल्या माणसाला ‘एर’ एवढेच म्हणतात. त्यात मान किती, सलगी किती, हे सांगावे लागत नाही. मराठीत पहिल्याच ओळीत ठरवावे लागते. काकांनी ठरवून टाकले आहे: सगळ्यांना ‘ते’. काफ्का आले, व्हेर्फेल बसले, हॉफमान्स्टाल उठले. व्हेर्फेल हा हासच्या बरोबरीचा, शाळेतला सोबती. त्याला ‘ते’ म्हटले की दोन पोरांची मैत्री जाऊन सत्कारसमारंभ सुरू होतो. हॉफमान्स्टाल सतरा वर्षांनी मोठा, हासला गुरुस्थानी. तेथे ‘ते’ शोभते. काफ्काचे काय करावे? तो आठ वर्षांनी वडील, पण तेव्हा अगदी अप्रसिद्ध, विमा कचेरीत नोकरी करणारा, अबोल. मी असतो तर आरंभी ‘तो’ लिहिले असते. गंमत अशी की आपले टीकाकार परक्याला नेहमी एकेरीत घेतात. शेक्सपिअर ‘म्हणतो’, खांडेकर ‘म्हणतात’! ती रीतही विचाराने पडलेली नाही. पण काकांनी तिच्यावर काढलेला उतारा रोगाहून कडक आहे.

काका स्वस्थ बसणारे नव्हेत. त्यांनी फळीवरून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली. आमच्या जिल्ह्यात, राहुरीत आणि नगरात, लक्ष्मीबाईंचा केवढा तरी संसार झाला. त्यांचे नाव निघाले की नगरकरांना बोलणे खुंटवता येते. “यात टिळक आले, टिळक गेले, सगळे आदरार्थी आहे. म्हणून पुस्तक निर्जीव झाले काय?” मी क्षणभर निरुत्तर झालो. घरी येताना वाटेत उत्तर सुचले. लक्ष्मीबाईंचे ‘टिळक आले’ ही त्या काळच्या बायकोची भाषा आहे. तिला दुसरी वाटच नव्हती, आणि त्या आदरार्थी क्रियापदाखाली ती केव्हा हसते आहे, केव्हा रागावली आहे, हे प्रत्येक वाचकाला ऐकू येते. शाळूसोबत्याला मात्र वाट मोकळी होती. तेथे ‘ते’ लिहिणे म्हणजे भाषांतरकाराने स्वतःचा आदर लेखकाच्या तोंडी घालणे. लक्ष्मीबाईंचे पुस्तक १९५० साली जोसेफिन इंक्स्टर यांनी इंग्रजीत नेले, तेव्हा त्यांच्यापुढे हा प्रश्नच आला नसेल. इंग्रजीत ‘ही’ एकच. त्या ‘ही’मध्ये लक्ष्मीबाईंचे अर्धे हसू गेले असणार, असे मला नेहमी वाटते.

आणि आता ‘म्हणे’. जर्मनमध्ये दुसऱ्याचे बोलणे सांगताना क्रियापदाचे एक निराळे रूप वापरतात. ‘एर इस्ट क्रांक’ म्हणजे तो आजारी आहे. ‘एर झाय क्रांक’ म्हणजे तो आजारी आहे असे कोणी तरी सांगतो. मी त्याची हमी घेत नाही. इंग्रजीला यासाठी लांब वळसा घ्यावा लागतो. मराठीला एक शब्द पुरतो: तो आजारी आहे म्हणे. काकांनी कच्च्या वहीत हे फार सुरेख साधले होते. ऐकीव ते ऐकीव, पाहिलेले ते पाहिलेले, अगदी आपल्या आजीने गावची बातमी सांगावी तसे. ती पाने वाचताना मूळ भाषा न येणाऱ्या मला प्रथमच वाटले, की या हासचा आवाज ऐकू येतो आहे.

मग त्यांनी पक्की प्रत केली, आणि ‘म्हणे’ हा शब्द ग्रांथिक नव्हे म्हणून बहुतेक ठिकाणी गाळला! मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या. काही ठिकाणी ‘असे कळते’ झाले आहे. ते सरकारी पत्रकासारखे वाटते. पुष्कळ ठिकाणी काहीच राहिले नाही. ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी उभी आहे.

हे मी शब्दांचा किस काढण्यासाठी म्हणत नाही. फराळाचे ताट बाजूला ठेवून वाचकांनी पुढची हकीकत ऐकावी, म्हणजे पटेल.

मिलेना येसेन्स्का ही प्रागची चेक लेखिका. काफ्काची ही मैत्रीण, त्याच्या कथांची पहिली चेक भाषांतरकार. १९३९ साली, जर्मन फौजा गावात असताना, तिने काफ्काची पत्रे हासच्या स्वाधीन केली. १९४४ साली ती राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मेली. पत्रे मात्र वाचली, आणि १९५२ साली हासनेच ती छापून प्रसिद्ध केली. केवढे मोठे काम! काकांच्या प्रस्तावनेत याचे वर्णन आहे आणि ते डोळ्यांत पाणी आणणारे आहे. पण त्या प्रस्तावनेत एक गोष्ट नाही. हासने ती पत्रे सबंध छापली नव्हती. हयात माणसांना लागेल असा मजकूर त्याने गाळला होता, आणि त्या हयात माणसांत तो स्वतः होता. १९२० साली प्रागमध्ये योसेफ राइनर नावाच्या तरुण संपादकाने आत्महत्या केली. त्याची पत्नी यार्मिला आणि हास यांचे प्रेम हे त्यामागचे कारण. यार्मिला ही मिलेनाची मैत्रीण. पुढे ती हासची पत्नी झाली. काफ्काच्या पत्रांत या प्रकरणाविषयी बरेच आहे. पत्रांची पूर्ण आवृत्ती निघाली १९८३ साली, हास गेल्यावर दहा वर्षांनी.

यावरून हास खोटा ठरतो असे मी मुळीच म्हणत नाही. मरण पावलेल्या माणसाच्या पत्रांतून स्वतःची जुनी जखम छापायला किती जण तयार होतील? मी कादंबरीकार आहे. मी स्वतः काय काय गाळले आहे ते माझे मला ठाऊक. पण ज्या लेखकाने एका ठिकाणी स्वतःला वगळले, त्याच्या आठवणी वाचताना कोणते पाहिलेले, कोणते ऐकलेले आणि कोणते पुढे जुळवलेले, हे वाचकाला कळत राहिले पाहिजे. मूळ भाषेत ती खूण क्रियापदातच आहे. मराठीत ती ‘म्हणे’त होती. काकांनी ती आदरापोटी पुसली. ‘ते’ आणि गाळलेला ‘म्हणे’ या एकाच रोगाच्या दोन गाठी आहेत. निर्वासित म्हणून ज्याच्याविषयी करुणा वाटली, त्याला काकांनी संत करून टाकले.

मी हे सारे त्यांना तोंडावर सांगितले. ते रागावले. “घरदार सोडून आलेल्या माणसाच्या भानगडी कशाला उकरायच्या?” असे म्हणाले. पंधरा दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. मलाही वाईट वाटले. म्हाताऱ्या माणसाने सहा वर्षे डोळे फोडून केलेले काम. त्याला शाबासकी द्यायची सोडून मी ‘म्हणे’चा हिशेब मागत बसलो.

पण वह्यांत शाबासकीसारखे पुष्कळ आहे, ते आधी सांगायला हवे होते. बर्लिनचा भाग काकांनी झपाट्याने, एका दमात नेला आहे. छापखाना, खिळे, मुद्रिते, उशिरा येणारे लेखक या गोष्टी लिहिताना यंत्रांत जन्म गेलेल्या माणसाचा हात कसा सुटतो ते पाहण्यासारखे आहे. छापखान्यातली यंत्रे त्यांनी कोशातल्या शब्दांनी नव्हे, कामगाराच्या शब्दांनी लिहिली आहेत. हिंदुस्थानच्या भागात तर त्यांनी एकही तळटीप दिली नाही. मराठी वाचकाला मुंबई काय समजावून सांगायची? परका माणूस आपल्याकडे पाहतो आहे आणि आपण गप्प राहून त्याला पाहू देतो आहोत, असे ते वाचताना होते. येथे त्यांचा आदर आड येत नाही, कारण येथे ते घरचे आहेत. आणि त्यांच्या टिपांपैकी एक मला फार आवडली. ‘आठवणी’साठी जर्मनमध्ये जो शब्द आहे, ‘एरइन्नरुंग’, त्याच्या पोटात ‘आत’ असा अर्थ आहे. म्हणजे बाहेरचे आत घेणे. शेवटी काकांनी लिहिले आहे, “आपल्या ‘आठवण’मध्ये असे काही आहे काय, जाणत्यांनी सांगावे.”

दोन प्रकाशकांकडून वह्या परत आल्या. एकाने लिहिले, काफ्काची तेवढी पाने द्या, बाकीचे कोण वाचणार? दुसऱ्याने हक्कांची विचारणा केली, आणि ती रास्त होती. लेखक १९७३ साली वारला. आपल्या कायद्याप्रमाणे त्याच्या पुस्तकावरचा हक्क २०३३ सालच्या अखेरपर्यंत राहील. तोवर वारसांची परवानगी हवी. काकांनी पुतण्याकरवी पत्र पाठवले आहे. परवानगी आली तर पुस्तक सबंध निघावे, काफ्काच्या पानांपुरते नव्हे. प्रसिद्ध माणसांची पाने कापून घेतली की उरतो तो हासच, आणि दुर्लक्ष झाले आहे ते त्याचेच.

गेल्या आठवड्यात काका सायकलवरून आले. पिशवीत पहिली वही होती. व्हेर्फेल सगळीकडे ‘तो’ झाला होता. हॉफमान्स्टाल ‘ते’च. काफ्काच्या प्रत्येक क्रियापदावर दोन्ही रूपे तांबड्या शाईने एकाखाली एक लिहिलेली, आणि समासात प्रश्नचिन्ह. ‘म्हणे’ मी मोजले. सत्तावीस ठिकाणी परत आले आहेत. प्रस्तावनेला मात्र त्यांनी हात लावलेला नाही. “ती तुम्ही लिहा, मास्तर,” ते म्हणाले, “त्या यार्मिलेचे तुम्हालाच फार ठाऊक.” दुसरी वही भाऊबीज झाल्यावर देणार आहेत. वहीवरचे नाव अजून ‘सारस्वत-विश्व’च आहे.